सांगाड्याचं दान

नांदेडहून पाहुणे येणार म्हणून मी माझी रेकॉर्ड दादांच्या ट्रंकेत लपवली. एवढंच केलं हो मी! पण ज्याचं नशीबच वाकडं, त्यानं साधी वस्तूसुद्धा जागची हलवू नये.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, सिकंदराबादजवळच्या नल्लकुंट्याचं आमचं घर गाद्या नि पातेल्यांनी भरलेलं, आणि पाहुण्यांची पोरं दिसेल ती गोल वस्तू हवेत भिरकावणारी. दादांच्या ट्रंकेला मात्र घरात कुणी हात लावत नसे. मी ती उघडली. वर त्यांचा रेल्वेचा कोट, खाली पुस्तकं. म्हटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. दवाखान्यात आलं नाही, स्मशानातही आलं नाही. माय मावशीला म्हणालीसुद्धा, "ह्याचं काळीज दगडाचं झालंय बाई. बाप गेला, नि हा मंडपवाल्याकडून खुर्च्या मोजून घ्यायलाय." (त्यातही दोन कमीच भरल्या.) खरं सांगतो, मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

आता त्या रेकॉर्डीबद्दल. हेवी मेटल. बँडचं नाव सांगत नाही, माय दारातच बसलीय. दादा सिकंदराबादला पार्सल ऑफिसात होते. बेवारस पार्सलांच्या लिलावात त्यांना एक खोकं मिळालं. त्यात एक रेकॉर्ड प्लेअर आणि ही एकुलती एक रेकॉर्ड. कव्हरवरची इंग्रजी अक्षरं बघून दादांचे डोळे चमकले. "धम्मदीप, बाबासाहेबांनी इंग्रजीत केवढं लिहून ठेवलंय! तू हे रोज ऐकायचं. कानावर पडलं की जिभेवर येतं."

आणि ऐकलं हो मी! पहिल्याच गाण्याला अंगावर जो काटा आला, तो आजतागायत खाली बसलेला नाही. नापास झालो, ऐकलं. नोकरी लागली, ऐकलं. ड्रम सुरू झाले की आमच्या मांडणीवरची ताटं थरथरायची. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आजी घाबऱ्याघुबऱ्या वर यायच्या. दादा दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे, डोळे मिटून. एक डोळा उघडून सांगायचे, "कुछ नहीं अम्मा, लडका अंग्रेजी पढरा." पुरी बाजू संपेपर्यंत हलायचे नाहीत. आवडायचं हो त्यांना! घरात ते संगीत समजणारे आम्ही दोघंच. रेणुका, म्हणजे आमची सौ., त्याला 'भांडी घासायचं गाणं' म्हणते, आणि त्याच तालावर भांडी आपटते.

(इंग्रजी किती आलं विचाराल, तर पहिल्या इंटरव्ह्यूला मला अस्खलित येणारे शब्द होते मरण, कबर, राख आणि सर्वनाश. साहेबांनी विचारलं, "कंपनीसाठी तुम्ही काय आणू शकता?" मी शेवटचा शब्द सांगितला.)

असो. कार्यक्रमाच्या सकाळी मी गौलीगुड्याला पत्रावळी आणायला गेलो. तिथून थेट विहारात पोचलो, तर भंतेजींसमोरच्या टेबलावर दादांच्या पुस्तकांचा गठ्ठा.

"ट्रंक कुणी उघडली?" मी रेणुकाच्या कानात विचारलं.

"सासूबाईंनी. पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला दान द्यायचीत."

"अगं, त्यात माझी रेकॉर्ड आहे!"

"मग गप बसा. आज तरी."

विहार कमिटीचे अध्यक्ष हणमंतराव माईकवरून एकेक पुस्तक वर धरून नाव वाचत होते. आणि मग वर आलं ते कव्हर! जळतं स्मशान, मधोमध सिंहासन, सिंहासनावर सांगाडा, सांगाड्याच्या हातात गिटार. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं नातवाचे डोळे झाकले.

मी अर्धा उठलो. "हणमंतराव, ते चुकून..."

तेवढ्यात माईकनं शिट्टी मारली आणि माझं वाक्य त्यात बुडालं. भंतेजींनी हात पुढे केला. चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "अनिच्च. सगळं अनित्य आहे. प्रेताकडे पाहून या देहाचं चिंतन करावं, असं भगवंतांनी सांगितलंय. आणि हातात बघा, वीणा! तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. मध्यम मार्ग."

(त्या बँडनं उभ्या आयुष्यात कधी तार सैल सोडलेली नाही. पण भंतेजींशी वाद घालायचा कसा?)

हणमंतरावांनी रुमालानं डोळे पुसले. "बंधू-भगिनींनो, आमच्या दौलतरावांनी मरणाचं एवढं चिंतन केलं, पण कधी कळू दिलं नाही! हे चित्र आपण फ्रेम करून इथं भिंतीवर लावू. आतली तबकडीपण काचेआडच राहील. वरून खिळे ठोकू, म्हणजे कुणी काढायला नको."

"साधु! साधु! साधु!" सगळं विहार घुमलं.

खिळे हा शब्द ऐकला आणि माझा बांध फुटला. लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. नांदेडच्या काकांनी मला धरलं. माय धावत आली, माझं डोकं छातीशी घेतलं. "रड माझ्या लेकरा, रड. रडला गं बाई एकदाचा बापासाठी!"

"काचेआड... माय, खिळे..."

"हौ रे राजा, हौ."

मला बघून सगळे पाहुणे रडले. हणमंतरावांनी स्वतःचा रुमाल दिला. आणि मी मनातून लाजेनं मेलो. बापाला एक थेंब नाही, आणि रेकॉर्डीला महापूर!

संध्याकाळी पाहुणे गाडीला लागले. माय चादरींच्या घड्या घालत होती. मी तिच्याजवळ गेलो. "माय, उद्या हणमंतरावांकडे जाऊन येतो. ती रेकॉर्ड चुकून गेली."

"चुकून कशी? मीच दिली."

"तू?"

"तुझ्या दादांनी सांगितलं होतं. दवाखान्यात. म्हणाले, मालन, मी गेलो की आधी ते इंग्रजी घरातून काढ. पहिल्या दिवसापासून डोकं उठवलंय त्यानं."

"मग मला का नाही सांगितलं कधी?"

"कसं सांगतील? त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली. म्हणायचे, पोरगं शिकायलंय, त्याला बंद कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

"पण दारात बसून ऐकायचे की!"

"ऐकायचे कुठले रे! कुणी वर येऊन तुझा अभ्यास मोडू नये म्हणून राखण करायचे. कानात कापूस घालून."

मी भिंतीला टेकून तिथंच खाली बसलो. दारातली ती खुर्ची, ते मिटलेले डोळे. दादा, अहो दादा! पोटातून काहीतरी वर आलं आणि मी असा रडलो, की सकाळचं रडणं त्यापुढे काहीच नव्हतं. आवाज नाही, शब्द नाही, श्वासच सापडेना.

मायनं हातातली चादर खाली ठेवली. क्षणभर माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "रेणुका, पाणी आण गं! घोड्याएवढा झाला, नि बघ कसा रेकॉर्डीसाठी रडायलाय. सकाळी बापासाठीसुद्धा एवढा रडला नव्हता!"