सातची फॅट

पुजाचा निकाल आधी कुलदीपच्या मोबाइलवर आला, याचं तांड्यात कुणालाच नवल वाटलं नाही. सेनगावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा कुलदीप कुणाचाही फॉर्म भरताना ईमेल स्वतःचा टाकायचा, नंबर स्वतःचा टाकायचा आणि पासवर्ड म्हणून स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर ठोकायचा. निम्म्या तालुक्याचे निकाल आणि पीकविमे आधी त्याला कळायचे, मग मालकाला. नांदेडच्या दवाखान्यात नर्स असलेल्या पुजानं परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा दिली, तो फॉर्मही त्याच्याच हातचा होता.

फोन आला तेव्हा पुजाचे वडील प्रेमदास म्हशीला धूत होते. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर. अर्थात हात कोरडे असते तरी तो स्पीकरवरच असता, कारण तांड्यात फोन एकट्यानं ऐकायची पद्धत नव्हती.

"काका, निकाल आला."

"किती?"

"सात."

"सत्तर म्हणायचं का तुला?"

"न्हाई काका. सात. लिहिण्यात तर साडेसहाच."

प्रेमदासांच्या हातातली बादली म्हशीच्या पायावर पडली. म्हैस उधळली ती थेट तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांच्या दारापर्यंत गेली आणि तिच्या मागोमाग बातमीही गेली.

आता नाईक लालसिंगांच्या दारात ही बातमी जाणं म्हणजे आगीत तेल. दिवाळीत प्रेमदासांनी त्यांना चार माणसांत शब्द दिला होता: परीक्षा एकदाच. पास झाली तर पोरगी परदेशी जाईल, नापास झाली तर नाईकांच्या मेव्हण्याच्या, हिरासिंगच्या पोराशी सोयरीक. परदेशाचं वेड पुजाला बारावीपासून होतं. त्या शब्दाच्या दिवसापासून प्रेमदासांची झोप उडाली होती.

अर्ध्या तासात कुलदीप निकालाचा कागद घेऊन हजर झाला. रंगीत छापलेला आणि वर लॅमिनेशन केलेला.

"नापासाचं लॅमिनेशन काहून केलंस?" प्रेमदासांनी विचारलं.

"सवय आहे काका."

बातमी ऐकून आलेल्या लालसिंगांनी चष्मा लावून कागद हातभर लांब धरला. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, लिहिण्यात साडेसहा, बोलण्यात सात. त्यांनी बोटांवर बेरीज केली. "अठ्ठावीस. चारशेपैकी अठ्ठावीस! अरे, पेपर कोरा दिला तरी एवढे पडतात."

पुजाची आई अनुसयाबाई तोवर पदराला डोळे पुसत होती, पण कागद वाचून दाखवल्यावर तिचा पारा चढला. "बोलण्यात सात? माही पोरगी झोपेतबी बोलून राहते! आन् ऐकण्यात सगळ्यात जास्त? तिनं आजवर माहं एक ऐकलं न्हाई. या कागदात कायतरी गडबड हाय."

"गडबड कशाची वहिनी? कम्प्युटरची परीक्षा ती," लालसिंग म्हणाले. "पुजाला फोन लावा."

पण पुजा ऑपरेशनच्या ड्यूटीवर होती. तिचा मोबाइल सहापर्यंत कपाटात बंद असायचा. कुलदीपनं तिला "सॉरी ताई" असा मेसेज आणि रडणारी सहा तोंडं पाठवून ठेवली होती, एवढंच.

लालसिंगांना मात्र सहापर्यंत दम निघेना. हिरासिंग नेमका सेनगावात आला होता. "आलाच हाय तर चहाला येऊन जाईल," म्हणत त्यांनी फोन फिरवला. चहाचे पोहे झाले, पोह्यांची सुपारी झाली, सुपारीसाठी नारळ आणायला माणूस गेला. प्रेमदास खाली मान घालून बसले. दिलेला शब्द गिळता येत नव्हता आणि पोरीला काय तोंड दाखवायचं तेही सुचत नव्हतं. शेवटी पाच वाजले तसे ते दुधाचा कॅन उचलून डेअरीवर निघून गेले. घरात सोयरीक ठरो की मोडो, म्हशीला त्याचं काही नव्हतं.

डेअरीवाल्या रतनसिंगनं दूध मशीनला लावलं. पावती बाहेर आली.

"सात! काय म्हैस हाय राव तुमची. आज पुऱ्या तांड्यात एक नंबर."

"सात एक नंबर?" प्रेमदास दचकले. "किती पैकी?"

"पैकी कशाचं? फॅट हाय ती. सात म्हंजे लई झाली."

"शंभर कधी येते का?"

"शंभर आली तर ती म्हैस न्हाई, डालड्याचा डबा म्हणावं लागंल!"

घरून निघताना काखेत मारलेला निकालाचा कागद प्रेमदासांनी पावतीशेजारी धरला. इथं सात, तिथं सात. इथं पॉइंट, तिथंही पॉइंट. वीस वर्षं ते अर्ध्या-अर्ध्या पॉइंटासाठी भांडत आले होते, त्यांना शंभराचं भय कुणी घातलं? रिकामा कॅन खडखडवत ते घराकडे पळत सुटले.

घरी हिरासिंग बाजेवर बसून पोहे खात होता. नारळ ताटात आलेला होता.

"थांबा!" प्रेमदास दारातूनच ओरडले. "हे मार्क शंभरातले न्हाईत! जिथं अर्धा-अर्धा पॉइंट मोजतात, तिथं माप ल्हान असतंय. ही डेअरीची पावती बघा!"

"पोरीला म्हशीच्या मापानं मोजून राहिलास का?" लालसिंग भडकले.

"मंग शंभराचं माप तुमाला कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपनं छताकडे पाहिलं.

"परीक्षा म्हणल्यावर... शंभरच असतात ना," तो म्हणाला.

"कागदावर लिवलेलं हाय का तसं?"

"माहितीचं दुसरं पान होतं. बारीक अक्षरं होती, म्हणून छापलं न्हाई. शाई लई लागती."

अनुसयाबाई पोह्याचा झारा घेऊन उठली. कुलदीपचं नशीब बलवत्तर, तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवरच.

"बा! त्या कुलदीपभाऊनं सॉरी काहून म्हणलंय? अन् रडून काहून राहिला तो?"

"पोरी, सात आले म्हणून," प्रेमदास म्हणाले.

"सात? अन् लिहिण्यात?"

"साडेसहा. ऐकण्यात साडेसात, बाकीच्यात सात."

पलीकडून अशी किंकाळी आली की बाजेखालची कोंबडी बाहेर पळाली. "नऊपैकी असतात, बा! लिहिण्यात साडेसहा लागतात, बाकीच्यात सात. बराबर आले! मी चालले, बा!"

प्रेमदास मटकन खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. अनुसयाबाईनं झारा टाकला आणि ताटातला नारळ उचलून देवापुढं फोडला.

"मी म्हणलंच होतं," लालसिंग खाकरले, "आपल्या तांड्याची पोरगी हुशार हाय." हिरासिंगनं ताटली खाली ठेवली, कुलदीपला खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं आणि हळूच विचारलं, "आमच्या पोराला किती फॅट लागंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर पावती आली. रतनसिंगनं तोंड वाकडं केलं. "काका, आज अर्धा पॉइंट उतरला. साडेसहाच."

"चालतंय," प्रेमदास पावती नीट घडी करत म्हणाले. "लिहिण्यात तेवढेच लागतात."