पेंढी हुंगण्यातून सूट

एका जंगलात, बालमित्रहो, गवत उंच आणि नियम ठेंगणे होते. पावसाळा सरला की गवत हरणांच्या शिंगांच्याही वर जाई. अशा गवतात डोळ्यांचा उपयोग नसतो, नाकाचा असतो. म्हणून तेथे पाडसांसाठी शाळा होती आणि शाळेत एकच विषय होता : वाघ ओळखणे.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास पात्रता परीक्षा द्यावी लागे. उमेदवारापुढे गवताच्या काही पेंढ्या मांडीत. त्यांपैकी एकीवर वाघ लोळून गेलेला असे. ती हुंगून ओळखावयाची. परीक्षक होता एक वृद्ध वानर. तो झाडावरून निकाल सांगे, आणि बहुधा वाईटच सांगे.

त्या वर्षी अध्यापन महाविद्यालयातून बोकडांची एक अखंड तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. तीत एक भारदस्त दाढीचा बोकड प्रथम आला होता. तो परीक्षेस बसला. वानर खाली पाहतो तो पेंढ्या अदृश्य.

"पेंढ्या कोठे गेल्या?"

"सर्व सोडविल्या," बोकड रवंथ करीत म्हणाला.

"त्यांत वाघाची कोणती?"

"चवीत काही फरक जाणवला नाही."

वानराने त्याला नापास केले. तुकडीतील इतरांनीही प्रश्न त्याच पद्धतीने सोडविले.

मग सारे बोकड राजाकडे गेले. राजा वाघ होता. जंगलात तशी प्रथाच असते.

"महाराज, पदवीधराची पुन्हा परीक्षा घेणे हा पदवीचा अवमान आहे," दाढीवाला बोकड म्हणाला. "पदवी म्हणजे काय गवत आहे?"

"गवत असती तर तुम्ही शिल्लक ठेवली नसती," मागोमाग आलेला वानर झाडावरून म्हणाला.

महाराजांनी पंजा उचलला. 

"शिक्षकवर्गाविषयी आम्हांस पहिल्यापासून ओढ आहे," ते म्हणाले. "प्रधानजी, मार्ग काढा."

प्रधान कोल्हा होता. तो म्हणाला, "परीक्षा रद्द केली तर बरे दिसणार नाही, महाराज. ती सुलभ करावी."

त्याप्रमाणे पदवीधरांना हुंगण्यातून सूट मिळाली. पेंढी दुरून पाहावी आणि 'ही पेंढी आहे' असे म्हणावे, एवढेच उरले. सर्व बोकड उत्तीर्ण झाले. एकाने 'हा नाश्ता आहे' असे उत्तर दिले. त्याला सहानुभूतीचे गुण देण्यात आले.

ठिपकी नावाचे एक चितळाचे पाडस त्याच वर्षी शाळेत जाऊ लागले होते. तिची आई दाढीवाल्या गुरुजींना भेटली.

"गुरुजी, गवत वाढत चाललंय. पोरीला वास कधी शिकवणार?"

"बाई, वास अभ्यासक्रमातून वगळला आहे. आम्ही वाघाची संकल्पना शिकवितो."

"आणि वाघच आला तर?"

"तो घटक पुढील सत्रात आहे."

आई वाद घालीत बसली नाही. त्याच संध्याकाळी ती ठिपकीला वानराच्या झाडाखाली घेऊन गेली. वानर आता बेकार होता. पिकलेल्या उंबरांच्या मोबदल्यात तो शिकवणी घेऊ लागला. ठिपकी पेंढ्या हुंगून हुंगून शिंकू लागली, तेव्हा तो म्हणाला, "शिंक. पण चुकू नकोस."

गवत शिंगांच्या वर गेले. एके सकाळी महाराज स्वतः शाळेच्या तपासणीस आले आणि मागे, गवताच्या कडेला बसले. गुरुजींनी वर्गाला उभे राहून नमस्कार करावयास लावला. तेवढ्यात वारा फिरला. ठिपकीने शेपूट वर केले आणि पुढचा खूर जमिनीवर आपटला.

"गुरुजी, मागं वाघ आहे."

"मागे तपासनीस आहेत. खाली बस."

"वास येतोय, गुरुजी."

"वास परीक्षेला नाही, हे कितीदा सांगावे?"

ठिपकीने पुन्हा खूर आपटला. चितळांची एक जुनी रीत आहे : एकाने खूर आपटला की दुसरा कारण विचारीत नाही. निमिषात सारा वर्ग उड्या घेत पसार झाला. गुरुजी तेवढे उरले.

"क्षमा असावी, महाराज. शिस्त राहिलेली नाही."

"जाऊ द्या, गुरुजी. आपण आपले पाहू. वाघाची लक्षणे सांगा बरे."

गुरुजींनी घसा साफ केला. "वर्ण पिवळा. अंगावर काळे पट्टे. मिशा लांब. बैठक उंच गवतालगत. दृष्टी भक्ष्यावर खिळलेली."

"उत्तम. एकही चूक नाही," महाराज म्हणाले आणि उठून जवळ आले. "तुम्हांला पैकीच्या पैकी."

गुरुजींना आयुष्यात प्रथमच पैकीच्या पैकी मिळाले होते. त्या आनंदात ते पुढचे काही बोलू शकले नाहीत. नंतर तर मुळीच नाही.

ठिपकी घरी पोहोचली. आईने तिचे नाक चाटले आणि उरलेली उंबरे वानराकडे पाठविली.

दुसऱ्या दिवशी प्रधानाने दवंडी पिटविली : शाळेत एक जागा रिक्त असून मुलाखती महाराज स्वतः घेतील. हुंगण्याची अट नाही. सकाळपासून बोकडांची रांग थेट गुहेच्या तोंडापर्यंत लागली, आणि आपला क्रमांक आधी लागावा म्हणून ते एकमेकांना शिंगे मारू लागले.

तात्पर्य : परीक्षा नेहमी सुलभच असावी, बालमित्रहो. परीक्षकालाही पोट असते.