लाल दोऱ्याचा बंदोबस्त

नर्स कमळा सकाळी दवाखान्यात आली, तेव्हा पुरुषांचा अख्खा वॉर्ड संडासापुढे रांगेत उभा होता. प्रत्येकाच्या मनगटावर लाल दोरा.

दोऱ्याची कल्पना तिची. गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या या दवाखान्यात खाट पाहून पेशंट ऑपरेशनला उचलायची पद्धत होती. मागच्या आठवड्यात मलेरियाच्या नथ्थूने वाऱ्यासाठी हर्नियाच्या सोमाजीशी खाट बदलली आणि तो थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचला. पोट पुसताना "तापाचं कोयनेल पोटालेही लावते का?" असं त्याने विचारलं, म्हणून वाचला.

तेव्हा कमळाने सुचवलं, ज्याचं ऑपरेशन त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा. नागपूरहून आलेले डॉक्टर देवपुजारी हसले. "करून पाहा. पण एकदा जरी घोटाळा झाला, तर दोरा बंद."

काल संध्याकाळी तिने सोमाजीला दोरा बांधला आणि वॉर्डबॉय डोमाला बजावलं, लाल दोरा दिसला की पेज द्यायची नाही, एनिमा द्यायचा.

"डोमाभाऊ, हे काय होऊन राह्यलं?"

"तुमीच सांगतलं ना बाई! सगळ्याइच्या हाताले दोरा हाये."

"मी म्हनलं, मले ताप हाये," नथ्थू रांगेतून कण्हला, "तर हा डोमा म्हनते, कापाले नेताना सारेच बहाने करते."

तेवढ्यात बायकांच्या वॉर्डातून रुखमाबाई काठी टेकत आली. लुगड्याच्या काठाचा लाल धागा अर्धा उसवलेला होता. "आज राखी नाई का, बाई? सोमाजीभाऊच्या हाताले दोरा पायला. म्हनलं, एकाच्याच हाताले, बाकीचे काऊन उघडे? मले तं भाऊच नाई. आज सहा भेटले!"

"पण सोमाजी कुठी गेला?"

सोमाजी मागच्या ओट्यावर मिशा पुसत बसला होता. पुढ्यात रिकामी वाटी, मनगट मोकळं.

"डोमा म्हने, दोरेवाल्याले पेज नाई. मंग म्या तोडला."

म्हणजे ज्याचं ऑपरेशन, तो सोडून सगळे तयार होते.

डॉक्टर आले. सगळं ऐकलं. "झालं? दोरा आजपासून बंद."

"कोणाला चुकून कापलं तर नाही, डॉक्टर," कमळा हळूच म्हणाली.

"बंद म्हणजे बंद. डोमा, चहा आण."

डोमा आला, पण चहा घेऊन नाही. त्याच्या हातात एनिमाचं भांडं होतं आणि नजर डॉक्टरांच्या मनगटावर. येताना फाटकाशी रुखमाबाईने त्यांनाही राखी बांधल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"चाय नाई भेटत, साहेब. चाला."

"अरे गाढवा! आधी विचार तरी, माणूस कोण आहे, त्याला काय झालंय!"

कमळा पुढे झाली. "मग उद्यापासून असंच करायचं ना, डॉक्टर? दोरा पाहायचा, अन् नाव-दुखणंही विचारायचं?"

डॉक्टर दातांनी गाठ सोडवत होते. गाठ पक्की होती. डोमा अजून भांडं धरून उभाच होता.

"हो," ते घाईने म्हणाले.