चौथं कुलूप

या कचेरीच्या संगणकात ज्याची फाइल एन्क्रिप्ट होते, त्या माणसाचं बोलणंही कुलूपबंद होतं. त्यात नवल ते काय? आजवर कुलूप एकाच पद्धतीचं होतं, आणि ते बोलणं सवयीने सगळ्यांनाच कळायचं. सोमवारी अपडेट आलं आणि पद्धती चार झाल्या.

नवी पद्धत आधी आपल्या घरच्या माणसावर चालवून बघायची, हा इथला रिवाज. हेमलता दुसाने इथे कारकून. डबा द्यायला आलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, "अहो, बसा जरा. तुमचीच फाइल घेते." शरदरावांनी हौसेने पासवर्ड टाकला, तिला मान फिरवायला लावून. नियमच तसा. तिने चौथी पद्धत निवडली. शेवटची ती भारी, एवढंच तिला ठाऊक.

"णठळ खघु फटण," शरदराव म्हणाले.

हेमलताने त्यांचा दंडच धरला. "अगं बाई! अहो, पासवर्ड सांगा ना!"

त्यांनी सांगितलाही असेल, पण कळतोय कुणाला? टाइप करायला बसवलं, तर बोटांतूनही तसलंच उमटलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं की फाइल पुसली जाते, आणि माणूसही. शेजारच्या तालुक्यात एक मास्तर असेच पुसले गेले. त्यांच्या चपला अजून जिन्यात आहेत.

तिच्या वरच्या टेकाडे साहेबांनी अपडेटच्या सूचना वाचल्या. "बाई, चौथ्या पद्धतीतल्याचं बोलणं चौथीतल्यालाच कळतं, एवढंच दिलंय."

"मग माझ्याही फाइलला चौथीच लावते. पासवर्ड तरी कळेल."

"कळेल हो. पण तो टाकायचा कुणी? तुमचीही बोटं तशीच होणार."

"ते पुढचं पुढे बघू. यांना असं एकटं सोडून माझ्या घशाखाली घास उतरेल का?"

शरदराव ताडकन उठले. दोन्ही हात हलवत तेच तेच ओरडू लागले. बिचारे जीव तोडून पासवर्ड सांगतायत, हेमलताला वाटलं. तिने स्वतःच्या फाइलला चौथी पद्धत लावली आणि कळ दाबली.

नवऱ्याचं बोलणं लख्ख ऐकू आलं.

"हेमा, दाबू नकोस! अगं, तू तरी बाहेर राहा!"

"अहो, आता कळून काय हो उपयोग?" हेमलता म्हणाली.

टेकाडे साहेबांनी मान वर करून दोघांचं ते णठळ-फटण ऐकलं.

"छान," ते म्हणाले. "चाचणी यशस्वी झाली, असं वर कळवतो."