शब्बीरभाईंचे सागवानी रिव्हॉल्व्हर

दिनांक ३ मे १९८६. सकाळी सात वाजता शेजारचे शब्बीरभाई माझ्या दारात आले आणि "सलाम, जमादार" म्हणत त्यांनी मला कडकडून मिठी मारली. माझ्या बरगडीत काहीतरी टोचले.

"लागलं?"

"लागले."

"मंग हेबी जागा गेली." त्यांनी सदऱ्याखालून रिव्हॉल्व्हर काढले. ते सागाचे होते. खरे घेण्याआधी अंगावर कुठे लपते ते पाहायला मुद्दाम सुताराकडून करवून घेतलेले.

शब्बीरभाई तेंदूपत्त्याचे ठेकेदार. भेटेल त्याला मिठी मारणे ही त्यांची जुनी खोड, एस.टी.चा कंडक्टरही तिच्यातून सुटलेला नाही. मागच्या हंगामात एटापल्लीच्या वाटेवर कोणीतरी अडवून त्यांना बेदम मारले. मुलाने खटपट करून हत्याराचा परवाना मिळवून दिला. माझी हयात पोलिसांच्या शस्त्रागारात गेलेली. त्यामुळे हत्यार निवडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

मी स्पष्ट सांगितले होते, रिव्हॉल्व्हर घ्या. ऐन वेळी अडत नाही, चाप जड असतो, सहसा चुकून सुटत नाही.

"पन त्याचं पोट सुटलेलं हाये, भाऊ. सदऱ्यात लपत नाई."

"मग पिस्तूल घ्या. चपटे असते. मात्र त्यात गोळी अडकू शकते."

"अडकली तं बरंच हाये ना!"

अशा माणसाला काय निवडून द्यावे? कमर, काख, पाठ, सर्व जागा झाल्या आणि प्रत्येक जागेची परीक्षा माझ्या छातीवर झाली. मला मिठ्या आवडत नाहीत. पोटरीला बांधलेले लागले नाही, तेव्हा सुटलो असे वाटले. तर गृहस्थ लंगडू लागले.

त्या सकाळी माझा तोल गेला. "मिठीच मारू नका. लांबून सलाम करा!"

"काऊन रागावून राह्यले, भाऊ?" ते पायरीवर बसले. "एटापल्लीले माझा जुना सोबती हाये, कोतू. बीस साल आमी संगं पानाचे पुडे मोजले. कान तं त्याचे आधीच गेले होते, आता डोळेबी गेले. मी गेलो का मले छातीले धरते, पाठीवर हात फिरवते, मंग हासते. तेवढंच त्याचं ओळखणं. त्याच्या हाताले लोखंड लागलं, तं तो काय समजन? शब्बीर आला, का दुसराच कोनी?"

त्यांनी सागाचे रिव्हॉल्व्हर पायरीवर ठेवले.

"नाई न्यायचं मले. दुपारच्या गाडीनं निघतो."

निःशस्त्र जाणे मूर्खपणाचे आहे, हे माझे मत कायम आहे. तसे त्यांना ऐकवले. बंदुकीच्या दुकानात जाऊन, त्यांच्यासाठी राखून ठेवलेले हत्यार नको म्हणून सांगितले. मग बसस्थानकावर गेलो आणि एटापल्लीच्या गाडीत शेजारशेजारच्या दोन जागा धरल्या. एकीवर रुमाल टाकला, दुसरीवर माझी पिशवी ठेवली.