काडीभर हरळी

आलापल्लीला चहूबाजूंनी जंगल. सागाच्या डेपोबाहेर पाऊल टाकलं की कमरेएवढं गवत. अशा गावात वामनभाऊ आपल्या क्वार्टरसमोर गवत लावत. शेतकरी जी हरळी बांधावरून खणून फेकतो, तिच्या मुळ्या हे गृहस्थ टोपलीत घालून घरी आणत आणि उकिडवे बसून ओळीने रोवत.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी आलापल्लीच्या शाळेत मास्तर, वामनभाऊ डेपोत लाकडं मोजायचे कारकून. आमच्या दोघांच्या दारांमध्ये फक्त एक रस्ता. दिवसभर टेप घेऊन सागाचे ओंडके मोजणारा हा माणूस संध्याकाळी आगकाडीने गवत मोजायचा. विडी ओढत नसे, पण कानामागे कायम एक आगकाडी. गवत तिच्यापेक्षा उंच झालं की शिंप्याची जुनी कात्री घेऊन पोटावर पडायचं आणि कापायचं.

"काडीच्या वर नाई गेलं पायजे, मास्तर. वर गेलं का त्यात जनावर बसते." जनावर म्हणजे साप.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे "पाय!", हरळीवर पाय पडू देऊ नका. पोस्टमन आला की आतून आरोळी, "पाय!" लाकडाच्या गाडीचे बैल जरा वळले की "पाय!" एकदा वनखात्याचे साहेब स्वतः आले, तर सवयीने त्यांनाही "पाय!" साहेबांना वाटलं साप आहे. त्यांनी जी उडी मारली ती नेमकी हरळीच्या मधोमध. त्या दिवशी वामनभाऊ जेवले नाहीत. स्वतः ते कधीच हरळीवर पाय ठेवत नसत. कडेने एक फळी टाकली होती, तिच्यावरून त्यांची जा-ये.

आमच्याकडे अंगण म्हणजे शेणानं सारवलेलं. दारात गवत वाढलं म्हणजे ते घर ओस पडलं, अशी सगळ्यांची समजूत. "बाईमाणूस नाई ना घरात, मंग असंच होते," माझी बायको म्हणायची. वामनभाऊंची बायको, सुभद्राबाई, तीन वर्षांपासून वरोऱ्याला भावाकडे होती. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की ते म्हणत, "येते ना. या हिवाळ्यात येते." हिवाळा यायचा आणि जायचा. डेपोतला डोलू नावाचा म्हातारा गोंड लाकूडतोड्या एकदा फळीपाशी उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, जंगलातलं कमी पडलं काय?" सगळा डेपो हसला. वामनभाऊही हसले आणि कापत राहिले.

उन्हाळ्यात तर कहरच. पहाटे उठून ते ओंजळी-ओंजळीने हरळीवर पाणी शिंपडायचे. "दव नाई पडलं तं पाडा लागते, मास्तर."

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या ओळीची विहीर तळाला गेली. मास्तर असल्यामुळे मी स्वतःला गावचा पंच समजत असे. विहिरीवर चारचौघांत मी त्यांना म्हणालो, "वामनभाऊ, लेकरायले प्यायले पानी नाई अन् तुमी गवताले पाजून राह्यले. काही वाटते का?"

त्यांनी भरलेली बादली शेजारच्या बाईच्या घागरीत ओतली. "बरोबर हाय, मास्तर," एवढंच म्हणाले.

त्यानंतर हरळीला थेंब मिळाला नाही. आठ दिवसांत ती तांबूस झाली, मग वाळून करकरीत. वामनभाऊ ओसरीवर बसून तिच्याकडे बघत राहायचे. कानामागे काडी होती, पण मोजायला काही उरलं नव्हतं. मला मात्र आपण न्यायाने वागल्याचं समाधान होतं. आज त्याची लाज वाटते.

मग एका दुपारी ते पत्र घेऊन माझ्या दारात आले.

"घरची येऊन राह्यली. परवाच्या मोटारीनं. पावसानं वाट बंद व्हायच्या आत आनून सोडतो म्हनते साळा."

"वा! मग असे काऊन उभे?"

ते खाली बसले. "तिची नजर जाऊन राह्यली होती, मास्तर. वैद्यानं सांगतलं, सकाळी दव पडल्या हरळीवर अनवानी चालवा, हिरव्यानं डोळे निवतात, नजर परत येते. तवाच लावली मी. दर हिवाळ्यात बलावलं. साळा म्हने, जंगलात तिले कोन पाहीन? अन् आता येऊन राह्यली, तं..." त्यांनी अंगणाकडे हात केला.

"मी देतो पाणी," मी घाईघाईने म्हणालो. "सगळ्यांकडून मागतो."

"दोन दिवसांत हिरवी होत नाई, मास्तर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मोटार लाल धूळ उडवत आली. भावानं सुभद्राबाईंना हात धरून उतरवलं आणि घरापर्यंत आणलं. वामनभाऊ फळीजवळ मान खाली घालून उभे होते. बाईंनी विचारलं, "हरळी कुठी हाय?" मग वहाणा काढल्या, भावाचा हात सोडला आणि त्या वाळक्या गवतावर चालू लागल्या. करकर आवाज माझ्या दारापर्यंत येत होता. वामनभाऊंच्या तोंडून "पाय!" निघाला नाही.

चार पावलांवर बाई थांबल्या. तळव्यांना टोचत असणारच. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "किती हिरवीगार ठेवली जी तुमी!"

अंगणात एक पातं हिरवं नव्हतं. नजर पुरती गेली होती, आणि नवऱ्याची तीन वर्षांची मेहनत वाया गेली हे त्याला कळू नये म्हणून ती बाई रंग सांगत होती. मला ते रस्त्यापलीकडून कळलं. वामनभाऊंना तर कळलंच.

"हो," ते म्हणाले. "काडीभरच ठेवली."

आणि चपला काढून, आयुष्यात पहिल्यांदा, ते हरळीवर तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आलो तर ते आपल्या आंघोळीच्या अर्ध्या बादलीतून ओंजळीने पाणी शिंपडत होते.

"वामनभाऊ, आता..." मी म्हणू लागलो.

"पायाले गार लागते म्हनते," ते हळूच म्हणाले.

मी घरात गेलो, माझ्या आंघोळीची बादली उचलली आणि रस्ता ओलांडून फळीपाशी थांबलो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"चपला काढून या आत, मास्तर," ते म्हणाले.