सरासरी उंचीची बाबागाडी

कोणताही निर्णय पूर्ण माहिती हाती आल्यावरच घ्यावा, हे सर्व सुज्ञांना मान्य आहे. माहिती कधीच पूर्ण होत नाही, हेही त्याच सुज्ञांना मान्य आहे. या दोन मान्यतांच्या मधल्या जागेत जगातली बरीचशी कार्यालयं उभी आहेत आणि त्यांपैकी एका कार्यालयाच्या खरेदी विभागात, खिडकीकडे पाठ करून, तक्तेसाहेब बसतात.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की ते आधी तुलनात्मक तक्ता आखतात, म्हणून सहकाऱ्यांनी प्रेमाने ठेवलेलं हे नाव. (प्रेमाचं प्रमाण टेबलानुसार बदलतं.) कार्यालयासाठी पाणी गाळायचं यंत्र घेण्याचा त्यांचा तक्ता चौदा महिने चालला. तेवढ्यात लोक घरून पाण्याच्या बाटल्या आणू लागले आणि यंत्राची गरजच उरली नाही. एकही वस्तू न घेता गरज भागवून दाखवण्याचं असं दुसरं उदाहरण विभागाच्या दप्तरी नाही.

अशा माणसाला एका सुटीच्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, माझी कंबर आता साथ देत नाही. बाळ सात महिन्यांचं झालं, कडेवर घेऊन चार पावलं चालले तरी कळ येते. एक छोटीशी बाबागाडी घ्या ना, तीन चाकांची. रोज वापरता येईल, घरातल्या कुणालाही ढकलता येईल अशी. कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत तरी जाईन मी. बाळ झाल्यापासून फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाहीये."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. डॉक्टरांनी वजन उचलून फार चालू नका म्हणून बजावलेलं. बागेतलं बाक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं आणि ती भांडी घासताना त्याच्याकडे बघायची.

तक्तेसाहेबांनी कप बाजूला सारला आणि पेन्सिल घेतली. बायकोचं बोलणं ऐकत नाही असा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही. त्यांनी शब्द न् शब्द टिपून घेतला. छोटी, तीनचाकी, रोजच्या वापराची, घरातल्या कुणालाही चालेल अशी. चार अटी झाल्या. कंबर हा शब्द विनंतीच्या प्रस्तावनेत आला होता आणि प्रस्तावना तक्त्यात घेत नाहीत.

चाकांचा प्रश्न एकोणीस दिवसांत निकाली निघाला. बायकोने तीन चाकं सांगितली होती हे खरं, पण मागणाऱ्याने कारण दिलं नव्हतं. तक्तेसाहेबांनी ते स्वतः शोधून काढलं. त्यांच्या कार्यालयातलं चार पायांचं टेबल गेली अकरा वर्षं डुगडुगतं आणि एका पायाखाली जुन्या परिपत्रकाची घडी घातलेली आहे. तीन पायांचं स्टूल मात्र कधीच डुगडुगत नाही. यावरून चौथं चाक हे चाक नसून परिपत्रकाची सोय आहे, हे सिद्ध झालं.

'छोटी' या शब्दाने जास्त वेळ खाल्ला. छोटी म्हणजे कशापेक्षा छोटी? दारामागे एक कोपरा होता, पण त्यात एक खोका होता. खोक्यात घरातल्या यंत्रांची हमीपत्रं होती. त्यातली बहुतेक यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. हमीपत्रं मात्र उत्तम स्थितीत होती. खोका हलवणं शक्य नव्हतं, म्हणून गाडी खोक्याच्या शेजारच्या जागेत बसली पाहिजे असं ठरलं. ती जागा एकतीस सेंटिमीटर भरली. दुसऱ्यांदा मोजली तेव्हा तीस. मतभेद मिटेपर्यंत तीन आठवडे गेले. (दोन्ही मतं तक्तेसाहेबांचीच होती.)

"अरे, मी सांगू का?" त्यांची आई एकदा म्हणाली. "तिला एकदा दुकानात घेऊन जा. तिला हाताशी बरी वाटेल ती उचल. झालं."

"आई, बरं वाटणं मोजता येत नाही," तक्तेसाहेब म्हणाले.

आईने या मुलाला लहानपणी कडेवर वाढवलं होतं आणि त्याचा तिला आता थोडा पस्तावा होत होता.

पण तक्तेसाहेबांची खरी प्रतिभा दिसली ती चौथ्या अटीत. घरातल्या कुणालाही ढकलता यावी! साधा माणूस इथे दुकानदाराच्या भरवशावर राहिला असता. तक्तेसाहेबांनी टेप काढली आणि घरातल्या सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. ते स्वतः एकशे बहात्तर सेंटिमीटर, बायको एकशे त्रेपन्न, आई एकशे अठ्ठेचाळीस. बाळाला उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला सतरंजीवर आडवं धरून मोजलं. सदुसष्ट. कुटुंबातल्या एकाही सदस्यावर अन्याय होता कामा नये. चौघांची बेरीज केली, चारने भागलं. सरासरी उंची आली बरोबर एकशे पस्तीस. दशांश चिन्हसुद्धा लागलं नाही, हा शुभशकुन मानला गेला.

माणसाचं कोपर त्याच्या उंचीच्या बासष्ट टक्क्यांवर असतं असं त्यांच्या वाचनात होतं. त्यानुसार गाडीचा दांडा जमिनीपासून चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर हवा. एकशे पस्तीस सेंटिमीटर उंचीचं घरात कोणीच नव्हतं. तरीही घरातल्या कुणावरही मेहेरनजर न करणारा असा हा आकडा होता, आणि निःपक्षपातीपणा याहून वेगळा काय असतो?

यानंतर ग्राहकांचे अभिप्राय. तक्तेसाहेबांनी अकराशे चाळीस अभिप्राय वाचले. एकसष्ट टक्के समाधानी, सत्तावीस टक्के असमाधानी आणि बारा टक्के लोक भलत्याच ठिकाणी येऊन मिक्सरबद्दल तक्रार करत होते. (त्या तक्रारींचाही स्वतंत्र तक्ता झाला, मिक्सर पुढे कधीतरी लागेलच.) जुळ्या मुलांची कुणी एक आई रोज लिहायची. तिच्या धाकट्याचा पहिला दात कोणत्या तारखेला आला, थोरल्याला गाडीत झोप कशी लागते, हे तक्तेसाहेबांना तोंडपाठ झालं. स्वतःच्या बाळाचा पहिला दात त्यांना आईने जेवताना सांगितला. "वरचा की खालचा?" त्यांनी फोनवरून नजर न काढता विचारलं. "दोन झालेत आता," आई म्हणाली.

एव्हाना बाळ रांगू लागलं होतं. बायकोने महिन्यातून एकदा विचारायचा नेम ठेवला होता.

"गाडीचं काय झालं हो?"

"अंतिम टप्प्यात आहे."

तिसऱ्यांदा हे उत्तर ऐकल्यावर तिने विचारणं सोडलं. संयमाचं फळ गोड असतं हे तिला पटलं असावं, असं तक्तेसाहेबांनी समजून घेतलं आणि त्यांना बायकोचा अभिमान वाटला.

चाचणीचा दिवस उजाडला तेव्हा ते साडेसात किलोची गव्हाच्या पिठाची पिशवी घेऊन दुकानात गेले. बाळाचं वजन अट लिहिली त्या दिवशी साडेसात होतं. आता ते नऊच्या पुढे गेलं होतं, पण मंजूर झालेली अट बाळाच्या लहरीवर बदलत नाही.

"साहेब, बाळालाच आणायचं होतं की," दुकानदार म्हणाला.

"बाळ हलतं," तक्तेसाहेब म्हणाले. "हलत्या वस्तूवर चाचणी घेत नाहीत."

पिशवी एकामागून एक सहा गाड्यांत बसवली गेली. पट्टे आवळले, वळणं घेतली, उंबरठे ओलांडले. पीठ एकदाही रडलं नाही. त्याने मान टाकली नाही, बूट फेकले नाहीत, गाडीतून उतरायचं म्हणून पाठीची कमान केली नाही. आदर्श अपत्य कसं असावं याचा तो वस्तुपाठच होता आणि तक्तेसाहेबांना क्षणभर भरून आलं.

अडचण एकच. चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर दांडा असलेली गाडी मिळेना.

"तेवढी खाली हवी असेल तर बाहुल्यांच्या विभागात बघा," दुकानदार म्हणाला. "नाहीतर ही घ्या. हिचा दांडा वरखाली होतो. ज्याला जसा हवा तसा करून घेतील घरातले."

ज्याला जसा हवा तसा! मग सरासरी कशाला काढली होती? तक्तेसाहेबांनी तीच गाडी घेतली, दांडा चौऱ्याऐंशीवर आणला आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट ठोकून कायमचा पक्का करून घेतला. दुकानदाराने मागितला तो पाना काढून दिला. मालमत्ता आता त्याची नव्हती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पिठाची पिशवी गाडीत बसवून ते घराकडे निघाले. (कमरेत वाकून ढकलावं लागत होतं, तो सर्वांसाठी केलेला त्याग होता.) अर्ज केल्यापासून सात महिने झाले होते, म्हणजे पाण्याच्या यंत्राच्या बरोबर निम्मा वेळ. बाळ चौदा महिन्यांचं होतं. चोपन्न पायऱ्या गाडी आणि पीठ दोन्ही वाहून ते धापा टाकत वर आले, तर घरात एकटी आई.

"ती कुठेय?"

"बागेत. रोजच जाते अकरा वाजता. चार महिने झाले."

"कशी?"

"बाबागाडी घेऊन," आई म्हणाली आणि तिने भाजी निवडायला घेतली.

तक्तेसाहेब स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. बाकावर बायको बसली होती, ताठ, पाय लांब सोडून, चेहरा उन्हाकडे करून. तिच्यापासून दहा पावलांवर एक जुनीपुराणी गाडी डुलत डुलत पुढे चालली होती. तिच्या बैठकीला दोन्ही हातांनी धरून, मागून ती ढकलत होतं त्यांचं बाळ. बाळ चालत होतं. तक्तेसाहेबांनी खिशातून तक्ता काढला.

खाली गेल्यावर उलगडा झाला. गाडी तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंची. नात मोठी झाल्यावर जिन्याखाली पडून होती, चारपैकी एक चाक केव्हाच निखळलेलं. (म्हणजे तीनचाकी होतीच.) तक्तेसाहेब सात महिने तिच्याच शेजारून कामावर जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळशाचे अभिप्राय कोणी लिहिलेले नव्हते त्याला ते काय करणार? काकूंनी पुढचं एकटं राहिलेलं चाक मधोमध बसवून घेतलं होतं. गाडी जिन्याखालीच राहायची, त्यामुळे ती उचलायला नको. बाळाला काकूच कडेवरून खालीवर न्यायच्या.

"आणि दांडा?" तक्तेसाहेबांनी विचारलं. दांड्याला पडद्याच्या नळीचे दोन तुकडे जोडून वर कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"काकूंनी माप घेतलं," बायको म्हणाली. "म्हणाल्या, ताठ उभी राहा, हात सैल सोड. टेप लावली, नळी कापली. ब्लाउजाला लागतो तेवढाही वेळ लागला नाही."

"माप कोणाचं घेतलं?"

"माझंच. ढकलणार मीच ना!"

हे उत्तर तक्तेसाहेबांनी मनातल्या मनात दोनदा तपासून पाहिलं. त्यात त्यांना चूक सापडली नाही, म्हणून ते अस्वस्थ झाले. एक क्षण असा आला की त्यांना तक्ता खाली ठेवून बाळाला उचलून घ्यावंसं वाटलं. मग त्यांची नजर ब्रेककडे गेली. ब्रेक म्हणजे दोरीला बांधलेली वीट होती.

त्यांनी तिथेच बाकावर बसून गाडीचं मूल्यमापन केलं. शंभरपैकी एकोणतीस. नापास.

"बरं," बायको म्हणाली. "माझी कंबर दुखायची थांबली त्यालाही आता तीन महिने झाले. तेही लिहून ठेवा."

तक्तेसाहेबांनी प्रामाणिकपणे जागा शोधली. चौतीस रकाने होते. चाकांचा व्यास होता, कापड धुण्याची सोय होती, पेला ठेवायची जागासुद्धा होती. कंबर कुठेच बसत नव्हती. शेवटी 'इतर' या रकान्यात त्यांनी नेहमीच्या सवयीने 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली.

नवी गाडी सध्या दारामागे, खोक्याच्या शेजारी उभी असते. बाळाला तिच्यात बसवून पाहिलं. ते अटीपेक्षा जड भरलं आणि शिवाय उतरून चालू लागलं. तक्तेसाहेबांनी ती एकदा खाली उतरवून दिली, बायकोने फाटकापर्यंत ढकलली आणि कमरेला हात लावून परत फिरवली. तेव्हापासून गाडीत पीठ असतं, पट्टे लावून. पोळ्यांच्या वेळी आई ते उतरवून घेते आणि परत बसवते.

घरी येणारा प्रत्येक जण मात्र त्या गाडीपाशी थबकतो. कुठली हो ही? घडी एका हाताने होते का? तक्तेसाहेब तक्ता काढून देतात. त्यांची कीर्ती एव्हाना इतकी पसरली आहे की आजवर तीनशे बारा जणांनी तो मागून नेला. कंबर कशी आहे असं बायकोला एकीनेच विचारलं, शिवणकामाच्या काकूंनी, आणि तक्ता त्यांना नको होता.

इथवर नेटाने वाचणाऱ्यालाही एव्हाना गाडीच्या कंपनीचं नाव हवंच असणार, म्हणून तीनशे तेरावा क्रमांक आपल्यासाठी राखून ठेवला आहे. अर्ज साधा आहे. बाळाचं वजन, दारामागची जागा आणि घरातल्यांची सरासरी उंची भरून पाठवावी. गाडी ढकलणार कोण, हे लिहायला अर्जात जागा ठेवलेली नाही. आजपर्यंत ती कोणी मागितलीही नाही.